एका शिपायाची चार पदकं

"या वेळी आपल्या हातून काही चुकणार नाही," असं काकांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेल्या काकांना निवृत्तीनंतर युद्धपदकांचा नाद लागला होता. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. त्यावरून माणूस हुडकायचा. अशाच एका शिपायाने चार मोहिमांत चार पदकं मिळवली होती. तो गेल्यावर भांडीकुंडी वाटावीत तशी मुलांनी ती वाटून घेतली. तिघा भावांनी आपापलं पदक काकांना विकलं. "ताईला माहीत आहे हो," असं प्रत्येकाने वर सांगितलं. आता ताईंचं तेवढं मिळालं की संच पुरा!

काका ताईंच्या घरी पोचले. ताईंनी पाणी दिलं. मागायला काकांची जीभ रेटेना. म्हणून त्यांनी डबी उघडून तिन्ही पदकं टेबलावर ओळीने मांडली आणि चौथ्यापुरती जागा सोडली.

ताईंनी एकेक उलटून कडेवरचा नंबर वाचला. वडिलांचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.

"ही तुमच्याकडे कशी?"

म्हणजे ताईंना काहीच माहीत नव्हतं! चाचरत चाचरत त्यांनी खरं ते सांगितलं.

ताईंनी एकेका भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. बाबांचं पदक कुठे आहे? थोरला म्हणाला, तिजोरीत, तिथे झुरळसुद्धा शिरत नाही. मधला म्हणाला, रोज सकाळी पुसतो, मनगट दुखायला लागलंय. धाकट्याला तर गहिवरूनच आलं.

"ताई, ते हातात घेतलं ना, की बाबा जवळ आहेत असं वाटतं बघ."

ते पदक तेव्हा ताईंच्या हातात होतं.

रविवारी बघायला येते, असं तिघांनाही सांगून त्यांनी फोन बंद केला. मग त्या रडल्या, आवाज न करता. कुठे बघावं ते काकांना कळेना. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी ओळीनओळ वाचून काढलं. त्यात दोन चुका सापडल्या, पण ती काही सांगायची वेळ नव्हती.

"बाबा एक पाय तिकडेच ठेवून आले, तेव्हा हे मिळालं होतं," ताई म्हणाल्या. "धाकट्याला मुद्दाम दिलं. लाडका ना तो."

काकांनी तिन्ही पदकं तिथेच सोडली. चौथ्याचं नावही काढलं नाही.

घरी पोचेपर्यंत तिघांचेही फोन येऊन गेले. रविवारपुरतं पदक द्याल का, बाकीच्या दोघांना मात्र कळू देऊ नका. पदकं ताईंकडेच आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण काकांना जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं.

तिघांनाही ते हो म्हणाले.