देवतळेकाका मुक्काम करत नाहीत

अन्याय झाला तो मनोहर देवतळे यांच्यावर. एका गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक बागेतल्या बाकावर. वेळ त्यांना पक्की आठवते, कारण हातकडी घालण्याआधी पोलिसाने त्यांचं घड्याळ उतरवून घेतलं आणि त्यात तेव्हा सहा-दहा झाले होते. नाव मी बदललं आहे. ते म्हणाले, "नाव बदल, गाव बदल, मांजर तेवढं राहू दे."

आमच्या इथल्या मराठी मंडळात मात्र देवतळेकाका प्रसिद्ध होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हा माणूस कोणाच्याही घरी झोपत नसे.

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे किती भयंकर आहे ते सांगायला नको. आपली माणसं बारशाला चारशे मैल गाडी हाकत जातात ती काही घुगऱ्यांसाठी नाही. जातात ती रात्री कार्पेटवर ओळीने पडणाऱ्या अंथरुणांसाठी. बायका आतल्या खोलीत, पुरुष टीव्हीच्या खोलीत, मध्ये पोरं, आणि पहाटेपर्यंत गप्पा. काका लॉस एंजेलिसच्या बारशाला यायचे, पाळण्याला हात लावायचे, जेवायचे, बायकांबरोबर ताटं विसळायचे, आणि अंथरुणं निघाली की बूट घालायचे. चारशे मैल परत. पोरांनी त्यांना 'नॉनस्टॉप' नाव ठेवलं होतं. मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्यांच्यावर एक छोटं नाटुकलंही बसवलं होतं. त्याला सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

आग्रहाला तोंड द्यायला त्यांच्याकडे कारणांचा साठा होता. दुसऱ्याच्या उशीवर मान धरते. गॅस बंद केला की नाही आठवत नाही. सकाळी प्लंबर यायचा आहे. कुठल्या घरी कुठलं कारण दिलं हे ते गाडीतल्या एका छोट्या वहीत लिहून ठेवत, आणि घंटा वाजवण्यापूर्वी ते पान उघडून पाहत. तरी एकदा घोटाळा झालाच. सुलभाकाकूंना त्यांनी सांगितलं होतं, घरी मांजर एकटं आहे. नलिनीकाकूंना सांगितलं होतं, तुमच्याकडे मांजर आहे, मला शिंका येतात. दोघी गणपतीत भेटल्या.

"त्यांच्या मांजराला मी खाऊचा डबा पाठवला होता हो."

"कोणाच्या? देवतळ्यांच्या? त्यांना तर मांजराचं नाव काढलं तरी शिंका येतात."

दोघींनी त्यांना मोदकांच्या ताटाजवळ गाठलं. काका जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "अजी, म्हणूनच तर लवकर घरी जावं लागतं. मला आणि मांजराला, दोघांनाही वेळेवर औषध लागतं."

मांजर नव्हतंच. पण त्या दिवसापासून त्याला चंपी हे नाव मिळालं, आणि मंडळात तिच्या प्रकृतीची चौकशी होऊ लागली.

मी तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी होते आणि संध्याकाळी एका मोफत सल्लाकेंद्रात बसत असे. आम्ही पत्रकं छापायचो, वाटायचो, पोलिसांशी आणि कारकुनांशी भांडायचो. एका सोमवारी दार उघडून देवतळेकाका आत आले. काखेत फाइल, केस चापून बसवलेले. मला पाहिलं आणि जागीच थांबले.

"तुम्ही इथे?"

"हो. बसा ना काका."

"नाही, मी मंगळवारी येतो."

"मंगळवारीही मीच असते."

"बुधवारी?"

"बुधवारी केंद्र बंद असतं."

"मग बुधवारीच येतो," म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

फाइलमध्ये सगळं होतं. वर्ध्याहून आलेला, एकवीस वर्षं या देशात नोकरी केलेला इंजिनियर. फाइलच तशी होती, प्रत्येक कागदाला भोक, प्रत्येक भोकाला कडं. मी सरळ लिहिते, कारण आपल्यात हे कोणी सरळ लिहीत नाही: देवतळेकाकांना बायकांची ओढ नाही, पुरुषांची आहे. त्या गुरुवारी बाकावर त्यांच्या शेजारी एक तिशीतला माणूस येऊन बसला. पंधरा मिनिटं हवेबद्दल बोलला, मग एक प्रस्ताव मांडला. काका हो म्हणाले. तो साध्या कपड्यांतला पोलीस होता. एवढाच गुन्हा. वकिलाने सांगितलं, कबूल करा, दंड भरा, घरी जा. काकांनी कबूल केलं. त्यानंतर त्यांचं नाव जन्मभरासाठी लैंगिक गुन्हेगारांच्या रजिस्टरमध्ये राहणार आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. ते घरी आलेल्या पत्रातून कळलं.

त्या रजिस्टरमध्ये मुलांना छळणारे आहेत, बळजबरी करणारे आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पण त्याच कपाटात, त्याच खणात, एका प्रौढ माणसाला हो म्हणालेले देवतळे आहेत. बोटांचे ठसे, फोटो, पत्ता.

आता नियम ऐका. नव्या गावात राहायला गेलात, तर ठरावीक मुदतीत तिथल्या पोलिसांकडे जाऊन नाव नोंदवायचं. तात्पुरतं राहिलात तरीही. नाही नोंदवलंत तर तुरुंग. पण तात्पुरतं म्हणजे किती? काकांनी तीन पोलिसांना विचारलं होतं. पहिला म्हणाला, महिनाभर चालतं. दुसरा म्हणाला, पाच दिवस. तिसरा म्हणाला, शंका असेल तर नोंदवूनच टाका.

"मी म्हटलं, हे लेखी द्या. तिघांनीही दिलं नाही," काका म्हणाले. "मग मी आपला माझाच नियम केला. झोपायचंच नाही. झोपलो नाही म्हणजे राहिलो नाही."

"काका, कायद्यात असं कुठेही नाही."

"म्हणजे सुलभाबाईंच्या घरी झोपायचं, आणि सकाळी पोह्यांच्या आधी त्यांचा पत्ता पोलिसांना देऊन यायचं?"

मी फक्त चिडले. त्या वयात चिडणं म्हणजेच उत्तर देणं, असं मला वाटायचं.

आणि देशाबाहेर तर ते पडतच नव्हते. ग्रीन कार्डवर असलेल्या अशा माणसाला परत येताना विमानतळावरूनच माघारी पाठवता येतं, हे त्यांनी कुठूनतरी वाचलं होतं, आणि दुर्दैवाने ते बरोबर होतं. घर इथे, नोकरी इथे. नऊ वर्षं ते वर्ध्याला गेले नव्हते. तिकडे रजा मिळत नाही हे कारण चालायचं.

शेवटी आईच आली. ऐंशी वर्षांची बाई, पहिल्यांदा विमानात बसून, धाकट्या मुलाकडे, शिकागोजवळच्या एका उपनगरात. पाच आठवड्यांसाठी. पुन्हा येणं तिला झेपणार नव्हतं, हे तीच सगळ्यांना सांगत होती.

काका दर शनिवारी पहाटेचं विमान धरत. दुपारी दोनला आईसमोर. सहा वाजता बूट. रात्री परत कॅलिफोर्निया. असे चार शनिवार.

"दोन हजार मैल येतोस आणि चार तासांत उठतोस," आई म्हणाली. "माझी काही भीती वाटते का तुला?"

"आई, मांजर आहे घरी."

"मग त्याला घेऊन ये नं. भात खाईल."

मी भावाच्या उपनगरातल्या पोलिसांना फोन केला. त्यांच्याकडे काकांना लागू होईल असं काहीच नव्हतं. मी काकांना सांगितलं, बिनधास्त राहा. ते म्हणाले, लेखी आण. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. शेवटचा शनिवार उरला, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हीच तुमचे पोलीस झाला आहात, म्हटलं. ते फाइलची कडी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "बरं. राहतो."

पुढचं त्यांनी मला सोमवारी केंद्रात बसून सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते. मीही एक-दोनदा हसले.

राहायचं ठरवून गेले खरे, पण सहा वाजले आणि सवयीने उठले. बूट शोधायला गेले तर एकच सापडला. डावा. उजवा आईने उशीखाली घेतला होता आणि त्यावर ती डोकं ठेवून पडली होती.

"आई, बूट दे."

"उद्या देते."

मग ते तिच्या पायाशी बसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा एक खरं वाक्य बोलले. "आई, मी कुठे मुक्काम केला, तर मला पोलिसांना सांगावं लागतं."

"सगळ्यांना लागतं?"

"नाही. मला."

काय केलंस, असं आईने विचारलं नाही. म्हणाली, "मग सांगून ये नं. मी बसली आहे. भात आल्यावर लावते."

काय सोपं होतं. सांगून यायचं.

मी फोन करून खात्री केली होती. नियम नव्हता. त्यांना कुठेही जायची गरज नव्हती. पण आमच्या केंद्राचं पत्रक त्यांच्या खिशात होतं आणि त्याची शेवटची ओळ होती: शंका असल्यास स्थानिक पोलिसांना विचारा. ती ओळ मी लिहिली होती.

काका भावाच्या रबरी चपला घालून, भावाची गाडी घेऊन चौकीवर गेले. खिडकीतला पोलीस तरुण होता, चांगला होता. म्हणाला, आमच्याकडे असलं काही नाही, सर, एन्जॉय युवर स्टे. मग त्याने सहज विचारलं, रजिस्टर कशाबद्दलचं? काकांनी खरं सांगितलं. त्याने पत्ता लिहून घेतला. कोणाचं घर, घरात कोण कोण असतं.

परत येताना काका एका दुकानात थांबले. जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाकडे टूथब्रश नसतो. त्यांनी टूथब्रश घेतला. हिरवा घ्यावा की निळा, यात त्यांची दहा मिनिटं गेली. तेवढ्यात चौकीतून घरी फोन गेला होता.

भाऊ बाहेर ड्राइव्हवेत उभा होता. हातात काकांची बॅग.

"दादा," तो म्हणाला, "मुली आहेत घरात."

आठ आणि अकरा वर्षांच्या. त्यांच्या गणिताच्या वह्या काकांनी दुपारीच तपासल्या होत्या.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, बूट दे."

भाऊ वर गेला आणि रिकाम्या हाताने खाली आला. म्हणाला, आई देत नाही. म्हणते, त्याला वर पाठव.

वर पाठवलं नाही. भावाने त्यांना रबरी चपलांतच विमानतळावर सोडलं. वाटेत रेडिओ चालू होता. ऑक्टोबरचा शेवट, बाहेर गारठा. विमानात शेजारच्या बाईंनी त्यांच्या पायांकडे पाहून विचारलं, हवाई बेटांवर होता का? काका हो म्हणाले.

बुधवारी आई वर्ध्याला परत गेली. भावाने तिला काय सांगितलं, हे काकांना माहीत नाही. रविवारी त्यांनी ट्रंककॉल लावला. आईने तब्येत विचारली, थंडी विचारली. मग म्हणाली, "बूट माझ्याजवळ आहे. मुक्कामाला आलास की देईन."

त्या पत्रकातली शेवटची ओळ मी खोडली. बाकी मला काही करता आलं नाही. पुढच्या सोमवारी काका आले ते नवे बूट घालून. मी जुन्यांचं विचारलं. म्हणाले, "डावा आहे की. दर रविवारी पॉलिश करतो. उजवा वर्ध्यात आई पुसते म्हणे. दोघांत फरक पडायला नको."

आता तुमच्याशी बोलते. तुमच्यापैकी पुष्कळजण इथले नागरिक झाला आहात. मला मत नाही, देवतळेकाकांना मत नाही, तुम्हाला आहे. काकांना तुम्ही ओळखता. तुमच्या घरची ताटं त्यांनी विसळली आहेत. मंडळाचा हा अंक मिटलात की कागद घ्या आणि आपल्या भागातल्या आमदाराला लिहा की दोन प्रौढ माणसांनी एकमेकांना हो म्हणणं या रजिस्टरमधून काढून टाका. तीन ओळी पुरतात. खाली स्वतःची सही करा, पूर्ण नावाने, आणि उद्या कामावर जाताना पत्र पेटीत टाका.