साकेतचं सर्वोत्तम जुळलेलं स्थळ

पत्रिका बघून लग्नं ठरवणाऱ्यांची साकेतला कीव यायची. नोएडातल्या एका कंपनीत तो एचआरमध्ये होता. माणसांचे सोळा प्रकार असतात, हे एका शिबिरात शिकून आल्यापासून त्याला सतराव्या प्रकारचा माणूस दिसेनासाच झाला होता.

"आई, तुझा मंगळ राहू दे बाजूला," तो कुमुदिनीबाईंना म्हणाला. "मी मुलीला टेस्ट पाठवतो. स्वभाव जुळले की संपलं."

"आणि मुलगी आवडली नाही तर?"

"जुळली की आवडतेच. सायंटिफिक आहे ते."

फरीदाबादच्या मयुराचं स्थळ आलं, तशी त्यानं बायोडेटावरच्या नंबरावर लिंक धाडली. दुसऱ्याच दिवशी निकाल हजर: शिस्तप्रिय, अबोल, नियमांवर श्रद्धा, बदलाचं वावडं. साकेतच्या प्रकाराशी मेळ 'सर्वोत्तम'. साकेत हुरळून गेला. आता मुलगी बघणं म्हणजे नुसती औपचारिकता.

अशा व्यक्तीला फुलं देऊ नयेत, उपयोगी वस्तू द्यावी, असंही निकालात लिहिलं होतं. त्यामुळे रविवारी आईला घेऊन तो फरीदाबादला पोचला, तो चांगल्यातलं पंचिंग मशीन घेऊन.

मयुरानं वरचा कागद फाडला आणि ती इतकी हसली, की हातातले पोहे सांडले. "यार, मी मुलांना नाटक शिकवते. भोकं कशाला पाडू?" मग तिनं मेट्रोतल्या भांडणाची अशी नक्कल केली, की कुमुदिनीबाईंनी तिला मनातल्या मनात सून करून टाकलं. साकेतलाही ती आवडली, अगदी मनापासून आवडली. पण ती निकालाप्रमाणे वागत नव्हती, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं त्याला अशास्त्रीय वाटलं.

"तुम्ही टेन्शनमध्ये आहात," तो समजुतीनं म्हणाला. "हा तुमचा खरा स्वभाव नाही. तुम्हाला मुळात बोलायला आवडत नाही."

"अच्छा? मग काय आवडतं मला?"

"शांतता. वेळेवर जेवण. निवृत्तीनंतरचं प्लॅनिंग."

"हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. टेस्टमध्ये."

"कुठली टेस्ट?"

कोपऱ्यात मयुराचे वडील बळवंतराव खाकरले. केंद्र सरकारच्या नोकरीत अख्खी हयात घालवलेला माणूस. पंचिंग मशीन त्यांनी एव्हाना आपल्याकडे ओढून घेतलं होतं. "ती मी भरली," ते म्हणाले. "नंबर माझा होता. आपल्याकडे आलेल्या पत्राला आपणच उत्तर द्यायचं असतं, दुसऱ्याच्या टेबलावर ढकलायचं नसतं."

कुमुदिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. मयुराला मात्र मजा वाटली. "चलो, झालं ते झालं. मला तू आवडलास. थोडा बावळट आहेस, पण चालेल. तुला मी आवडले का, ते सांग."

'हो' साकेतच्या ओठांवर आलंही होतं. पण शिबिर आडवं आलं. त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. "तुम्ही आता टेस्ट भरा ना. निकाल आला की सांगतो."

मयुरा रिकाम्या बशा घेऊन आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

नकार बळवंतरावांनी फोनवर कळवला, रीतसर आणि कारणासहित. मग जरा घुटमळून म्हणाले, "साकेतराव, मयुराचं सोडा. तुम्ही रविवारी या. पेन्शनचं जरा बोलायचंय. आपला मेळ सर्वोत्तम आहे म्हणता ना?"

साकेत गेला. आता दर रविवारी जातो. दोघं गच्चीत तासन् तास पेन्शनवर बोलतात, नाहीतर एकमेकांच्या सोबतीनं गप्प बसतात. आणि मयुरा जिन्यातून हाक मारून विचारते, "बाबा, तुमचे मित्र जेवून जाणार आहेत का?"