वाळेपर्यंत काढायची नाही

मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी आठ वाजता तोर्किल मॅकआस्किल किल्ट नेसून, डोक्यावर ओलीगच्च टोपी चढवून स्वयंपाकघरात ताठ बसला होता. टोपीतलं पाणी कानामागून कॉलरीत उतरत होतं.

“अहो, हे काय चाललंय?” त्याच्या बायकोच्या, डोलिनाच्या, हातातलं लापशीचं पातेलं हिंदकळलं.

“आकार देतोय.”

“कशाला? डोक्याला?”

“टोपीला गं! व्याह्यांनी सांगितलंय.”

टोपी निवडण्यातच तीन शनिवार गेले होते. जुनी कसरीनं खाल्ली होती. होडीसारखी, मागे फिती लोंबणारी ग्लेनगॅरी घालून पाहिली, तर उना म्हणाली, “बाबा, बँडातले वाटता.” शेवटी गडद निळी गोल बालमोरल घेतली, वर तांबडा गोंडा. पण नवी लोकर इतकी हट्टी, की ती डोक्यावर पालथ्या ताटासारखी राही. त्यावर उनाचे होणारे सासरे एनिअस यांनी फोनवरून उपदेश केला. हे एनिअस शेजारच्या गावच्या चर्चमधले ज्येष्ठ पंच. उपदेशाखेरीज त्यांना फोन करताच येत नसे. “मीही तीच घेतलीय, व्याही. भिजवायची, डोक्यावर बसवायची, उजव्या कानावर ओढायची आणि वाळेपर्यंत काढायची नाही. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या असंच करतात.”

दहा वाजता टोपी वाळली. तोर्किलनं ती काढली आणि डोलिनानं त्याच्यापुढे आरसा धरला. कपाळावर चार बोटं रुंद निळा पट्टा उमटला होता.

“धुऊन जाईल,” तोर्किल म्हणाला.

साबणानं गेला नाही. ओटचं भरड पीठ चोळलं. कातडी लाल झाली, पट्टा निळाच. मग डोलिनानं पाहुण्यांसाठी आणलेली व्हिस्की फडक्यावर ओतली. रंग तसूभर हलला नाही, वास मात्र अंगणापर्यंत गेला. शेवटी तिनं पावडर थापली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

“कसं दिसतंय?”

“पिठात लोळवलेल्या वांग्यासारखं.”

“मग मी टोपी काढतच नाही!”

“आणि स्तोत्र?”

तोर्किलनं हातातली टोपी टेबलावर ठेवली. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य नव्हतं. पुढे उभं राहून त्यानं एक ओळ टाकायची आणि सगळ्या बाकांनी ती उचलून धरायची, असं तीस वर्षं चाललेलं. उना त्याच्या मांडीवर बसून ती चाल शिकली होती. लग्नात तिनं दागिना मागितला नाही, मेजवानी मागितली नाही. “स्तोत्र तुम्हीच धरायचं, बाबा,” एवढंच मागितलं. आणि देवासमोर पुरुषानं झाकल्या डोक्यानं गायचं नसतं.

गाडीत उनानं नाक मुरडलं. “बाबा, सकाळी सकाळी प्यायलात?”

“प्यायलो असतो तर बरं झालं असतं. कपाळाला लावलीय.”

“काय?”

“विचारू नकोस.”

चर्चच्या दारात एनिअस उभे होते, टोपी भुवयांपर्यंत ओढून. त्यांनी तोर्किलला वरून खाली न्याहाळलं. “टोपी छान बसली की! आत काढायची, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” तोर्किल दातांमधून म्हणाला.

मुलीला हाताला धरून तो आत गेला. पाद्र्यांनी एकदा टोपीकडे पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग त्यांच्या नाकात व्हिस्कीचा वास शिरला आणि ते पुस्तकाकडे पाहू लागले. स्तोत्राची वेळ आली.

“बाबा, टोपी,” उना कुजबुजली.

“उना, आज दुसऱ्या कुणाला सांग ना.”

“दुसरं कुणी नको.”

त्यानं टोपी काढली. तिसऱ्या बाकावरून एक “अगंबाई!” ऐकू आलं. तोर्किलनं डोळे मिटले आणि ओळ टाकली. मग बाकांनी ओळ उचलली, ती लाटेसारखी छतापर्यंत चढली, आणि कपाळ म्हणून आपल्याला काही आहे हेच तो विसरला.

शेवटच्या ओळीला त्यानं डोळे उघडले. सगळे गात होते. पुढच्या बाकावर एकच टोपी डोक्यावर होती.

“एनिअस,” पाद्री हळूच म्हणाले, “टोपी.”

“मला थंडी वाजतेय.”

“जून महिन्यात?”

एनिअस यांनी टोपी काढली. भुवयांपासून उजव्या कानाच्या पाळीपर्यंत ते निळेशार होते. टकलाच्या बरोबर मधोमध गोंड्याचा तांबडा टिळा होता.

उना हसू लागली. तिच्या डोक्यावरची लग्नाची ओढणी इतकी हलली, की नवऱ्यानंच ती धरून ठेवली.

बाहेर पडताना एनिअस तोर्किलच्या शेजारून चालू लागले. आता माफी येणार म्हणून तोर्किलनं चालणं मुद्दाम मंद केलं.

“व्याही,” एनिअस त्याचं कपाळ बारकाईनं पाहत म्हणाले, “तुमचा पट्टा कानापर्यंत आला नाही. उजवीकडे नीट ओढली नव्हतीत तुम्ही.”