डाव सांगून खेळणारी मंजुळा

या, अशा जवळ येऊन बसा. आणि आधी ते हसणं आवरा. मंजुळाच्या पडवीवरून येताना तुम्ही तोंडाला रुमाल लावलात, ते मी ओट्यावरून बघितलं. पासष्टीची बाई खांबाला टेकून मोबाईलवर जपानी कार्टून बघते, यात एवढं हसण्यासारखं काय आहे हो? तिच्या वयाच्या बाकीच्या बाया त्याच वेळेला दुसऱ्यांच्या सुना मोजत बसलेल्या असतात. त्यांना कोणी हसत नाही.

मंजुळा म्हणजे माझी धाकटी जाऊ. धसईच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलात ना, तीच आमची आठ घरांची वाडी. त्यात माझं आणि तिचं घर समोरासमोर, मध्ये एकच अंगण. तिचं एक वागणं जगात कुठे नसेल. ती लोकांविरुद्ध कट रचते, आणि ज्याच्याविरुद्ध रचते त्यालाच आधी जाऊन सगळा सांगून येते.

खोटं वाटत असेल तर ऐका. मागच्या श्रावणात माझ्या वेलावर एक चिबूड धरला होता. पिवळाधमक, वासानं अंगण भरून टाकणारा. मंजुळा आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, नीट ऐक. शुक्रवारी तू भजनाला जानार. तुझं दार मागच्या अंगानं उघडं ऱ्हातं. मी कुंपनाच्या मोडक्या कुडातनं येनार नि ह्यो चिबूड नेनार. तू काय बी करू शकत नाय."

मी गुरुवारीच चिबूड उतरवला, चिरला, आणि अर्धा ताटलीत घालून तिच्या घरी पाठवला.

तिला राग यावा की नाही? उलट ताटली हातात घेऊन ती अंगणात आली आणि मोठ्यानं हसली. "हां! आता कसं! आता तू पन डावात आलीस गो!"

"अगं पण सांगितलंस कशाला? गुपचूप न्यायचास."

"सांगितल्याबिगर नेला तर ती चोरी झाली, बाय. डाव समोरच्याला समजला पायजे."

हे तिला शिकवलं दिवाणजीनं. आता दिवाणजी कोण, तेही सांगते.

दोन वर्षांपूर्वी आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावताना, ती बांधावरून घसरली आणि पाय मोडला. तीन महिने प्लास्टर. लेकीनं तिला आसनगावला नेलं. लेक-जावई दिवसभर बाहेर, नात ठाण्याला नोकरीला. घरात ही एकटी आणि टीव्ही. नातीनं काहीतरी लावून दिलं, हिंदीत बोलणारं जपानी कार्टून. रिमोटवर हिचा हात चालेना, म्हणून जे लागलं ते बघत बसली. तीन महिन्यांनी पाय सरळ झाला, पण मन तिकडेच वाकडं करून आली.

गोष्ट अशी, की एक लहान राजा आहे. त्याच्या दरबारात एक कारस्थानी दिवाण. लांब पांढरे केस, डोळे कायम अर्धे मिटलेले, एका हातात काळा मोजा. त्याचं जपानी नाव मंजुळाच्या जिभेला वळेना, म्हणून तो झाला दिवाणजी. आणि जो पोरगा गोष्टीचा नायक आहे, पिवळ्या केसांचा, त्याचं नाव तिनं ठेवलं वरड्या.

"सारका वरडतो गो. मी हरनार नाय, मी हरनार नाय! अरे नको हरू, पन हळू बोल. शेजारी मानसं ऱ्हातात."

संध्याकाळी माझी मालिका लागली की मंजुळा यायची आणि माझ्या मालिकेतल्या खलनायिकेला नावं ठेवायची. "ही काय डाव करनार? दारामागं उभी ऱ्हाते, भुवया उडवते, दुधात इख घालते, मग पेला बदलतो. सा महिन्यांमागं पन पेलाच बदलला होता. हिला काय कामधंदा नाय. माझा दिवाणजी बघ, बारा वरसं एका डावावर बसलाय."

एकदा मी वैतागून विचारलं, "त्या मेल्यात एवढं आहे तरी काय? दुष्ट तो दुष्टच."

तिनं मोबाईल बंद केला. एवढ्याशा कारणासाठी ती तो कधी बंद करत नाही. म्हणाली, "बाय, वरड्याला दुश्मनाचं नाव बी नीट म्हाईत नसतं. निस्ता उडी मारतो. पन दिवाणजी? समोरच्याला जेवनात काय आवडतं, झोप कवा लागते, कोन्या गुडघ्यात कळ येते, समदं म्हाईत. इतकं कोन कोनाकडं बघतं गो? नवरा बघतो? पोरं बघतात?"

मी म्हटलं, "चहा ठेवू?"

"ठेव. तुज्यात साखर कमी घाल, दुपारीच दोन कप झालेत."

खरंच दोन झाले होते.

तिचं असंच. धसईच्या एसटीचा ड्रायव्हर आमच्या फाट्यावर गाडी थांबवायचा नाही. हिनं चार दिवस त्याला बघितलं आणि शोधून काढलं की तो खिडकीतून करवंदाच्या जाळ्यांकडे बघत गाडी हाकतो. पाचव्या दिवशी ही पळसाच्या पानात करवंदं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. गाडी जरा हळू झाली तशी ओरडली, "डायवरदादा, उद्या ही पानं पुन्ना दिसतील. थांबलास तर करवंदं तुजी, पन मग समज की तू हरलास!" तो बिचारा दुसऱ्याच दिवशी हरला. अजून रोज हरतो. करवंदाचे दिवस संपले तरी.

तर आता माझी गोष्ट. आमचे हे गेल्याला दोन वर्षं होत आली. माझा विलास बदलापूरला असतो. चौथा मजला, लिफ्ट आहे, सून गुणाची आहे, उगीच कशाला नाव ठेवू. तो म्हणाला, "आई, एकटी नको राहू. भात झोडून झालं की कायमची ये." मी हो म्हटलं. वाडीत सगळ्यांना सांगितलं. मंजुळालाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं हाय. लिफ्ट हाय तर बरं." आणि मोबाईलमध्ये बघायला लागली.

मला जरा लागलं. चिबडासाठी एवढं भाषण, आणि मी चाललेय तर "लिफ्ट हाय".

भात झोडून झालं, कणग्यात पडलं. मी ट्रंक काढली. त्याच दिवशी सकाळी मंजुळा ओच्यात अंडी घेऊन हजर. "बाय, तुजी कवडी खुडूक झाली. माजी अकरा अंडी ठिवते. पिल्लं निम्मी तुजी, निम्मी माजी."

कवडी म्हणजे माझी ठिपक्यांची कोंबडी, अंडी उबवायला बसायच्या बेतात आलेली. आमच्याकडे अशी रीतच आहे, कोंबडी एकीची, अंडी दुसरीची, पिल्लं वाटून. म्हटलं, "अगं मी चालले. तूच बघ तिच्याकडे."

"मला टोचते गो. ह्ये बघ." तिनं बोट दाखवलं. बोटावर खरंच लाल होतं.

कोंबडी अंड्यांवर बसली की तिला जागची हलवता येत नाही, अंडी वाया जातात. दिवसातून एकदा उठते, तेवढ्यात दाणापाणी द्यायचं, मुंगसावर नजर ठेवायची. एकवीस दिवसांचा तर प्रश्न. मी विलासला फोन करून सांगितलं, "पिल्लं निघाली की येते."

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. मंजुळानं ती लगेच दुरडीत घातली आणि आपल्या घरी नेली. "थंडी हाय, मी बल्ब लावून ठिवते. कवडीला बसू दे, बाकीची फुटतील." अकरातून सात गेली, राहिली चार. मी बघितलं तर कवडीखाली सहा.

म्हटलं, माझंच मोजायला चुकलं असेल. वय झालं.

आठवड्यानं आणखी तीन पिल्लं. तीही दुरडीत गेली. खाली पुन्हा पाच अंडी. विलासचा फोन, "आई, अजून किती दिवस?"

"फुटतील रे."

"मागच्या वेळीपण हेच म्हणालीस. ती कोंबडी आहे की सरकारी कचेरी? आत काय गेलं ते बाहेरच पडत नाही!"

पौषात म्हशाची जत्रा आली. मंजुळा आणि मी दोघी जाऊन आलो, खाजा आणला. जत्रा संपली तरी कवडी बसलेलीच. वाळून काडी झाली होती बिचारी. खुडूक कोंबडी अंडं घालत नाही, हे मला न कळायला मी काय काल या घरात आले? पन्नास वर्षं कोंबड्या पाळल्या. पण काही गोष्टी कळल्या की लगेच उठून काहीतरी करावं लागतं. म्हणून मी त्या कळून घेत नव्हते.

मग एका सकाळी चूल पेटवायला लवकर उठले आणि मागचं दार उघडलं. खुराड्यापाशी मंजुळा उकिडवी बसलेली. डाव्या हातानं कवडीचा पंख उचललेला, उजव्या हातात अंडं. ते तिनं अलगद आत सारलं, पंख खाली सोडला आणि कवडीच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. कवडीनं डोळे मिटून घेतले.

"टोचत नाय वाटतं आता तुला?" मी म्हटलं.

ती दचकली नाही. तशीच बसून राहिली.

"बोटाला काय झालं होतं मग?" मी विचारलं.

"कुंकू लावलंवतं."

मला हसू आलं, पण दाबलं. "वाडीतल्या झाडून सगळ्यांना डाव सांगून येतेस. ड्रायव्हरला सांगितलास, चिबडाचा मला सांगितलास. हाच का नाही सांगितलास गो?"

तिनं पदरानं हात पुसले. अंडं पुसावं तसे हळू. खाली बघत म्हणाली, "ते डाव हरले तरी चालत व्हते, बाय."

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. माझे गुडघे कुरकुरले, तर तिनं न बघताच डाव्या गुडघ्याखाली हात दिला. कळ डाव्यातच येते.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "कवडीला उठव आता. मरेल बसून बसून."

"आनि मग?" तिचा आवाज एवढासा झाला.

"मग काय. ती उठली तरी मी बसलेय."

त्या दिवशी विलासला फोन केला. तो पहिल्यांदा रुसला, मग हसला, मग रविवारी सगळ्यांना घेऊन आला आणि दोन पिल्लं खोक्यात घालून बदलापूरला घेऊन गेला. चौथ्या मजल्यावर! मी महिन्यातून चार दिवस त्याच्याकडे जाते, लिफ्टमध्ये बसते, नातवंडांना बघते आणि परत येते. माझी ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. मंजुळाच्या पडवीत आता दोन पाट असतात. वरड्या अजूनही वरडतो, पण दिवाणजी बोलायला लागला की मीसुद्धा मान हलवते. माणूस लबाड आहे, पण लक्ष आहे हो त्याचं सगळ्यांकडे.

आता तुम्ही उठायची घाई करताय, ते कळतंय मला. जा. पण पुन्हा लवकर या, चार दिवस काढून या. फक्त परत कधी जाणार, ते मंजुळाला सांगू नका.