उकडलेल्या वालांचा ताप

पेणच्या आंतरतालुका विज्ञान प्रदर्शनात मांडणी चालू असताना अक्साच्या लक्षात आलं, की मेलेल्या वालांना ताप भरलाय.

रोह्याच्या शाळेतल्या नववीच्या अक्साचा प्रयोग साधा होता. एका थर्मासमध्ये मोड आलेले वाल, दुसऱ्यात उकडून, नासू नयेत म्हणून जंतुनाशकात भिजवलेले. दोन्हींच्या तोंडाशी कापसाचा बोळा आणि त्यातून आत गेलेला थर्मामीटर. मोडवाले वाल श्वसन करतात, म्हणून त्यांचा थर्मास गरम व्हायला हवा होता. उकडलेले मेलेले, ते थंड राहायला हवे होते. तीन दिवसांनी जिवंत वाल तेहतीस अंशांवर होते आणि मेलेले एकोणचाळिसावर.

मुख्याध्यापक दिनानाथ सरांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. अकरा वर्षांत शाळेचा एकही प्रयोग जिल्ह्याला गेला नव्हता आणि मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. त्यांनी अक्साला घरी फोन लावायला सांगितलं.

तिची अम्मी रहिमा हिने काही लपवलं नाही. उकडलेले वाल जंतुनाशकात भिजत घातलेले तिला दिसले, लेक शाळेत होती, अन्नाला औषधाचा वास येत होता. तिने ते स्वतःच्या हाताने तीन पाण्यांनी स्वच्छ धुतले आणि सुपात निथळत ठेवले. अक्साने शाळेतून आल्यावर तेच थर्मासमध्ये भरले होते.

"खायच्या जिनसेला औषध कोण लावतं गो?" रहिमाने उलट विचारलं.

परीक्षक मोकल मॅडम दोन टेबलं पलीकडे आल्या होत्या. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि थर्मासवरच्या 'जिवंत' आणि 'मृत' या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सरांसमोर बोलायची अक्साला सवय नव्हती.

मॅडमनी आकडे पाहून मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, मोड किती लांब आलेत ते बघू, आणि त्यांनी 'जिवंत' चिठ्ठीच्या थर्मासचा बोळा काढला.

वास आधी मॅडमना लागला, मग शेजारच्या टेबलावरच्या सुंदर-शाळा प्रकल्पाला. तिथली मुलं तक्ते तसेच टाकून खिडकीशी गेली. मॅडमनी नाकाला पदर लावून चमच्याने थोडे वाल वर काढले. त्यांचा लगदा झाला होता. मोडाचा पत्ता नव्हता.

"हे जिवंत?" त्यांनी विचारलं.

दिनानाथ सर पंख्याकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते. अक्साने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"चिठ्ठ्या उलट लागल्यात, मॅडम," ती म्हणाली. "पण तशी चूक अर्धीच हाय. वाल मेलेत, त्यांच्यावरचे जिवाणू जिवंत हायेत. ते वाल खातात आणि श्वसन करतात, त्याचीच ही ऊब."

"आणि वालात ही ऊब आली कुठून?"

"उन्हातून. वेलीने पानांत ऊन पकडलं, शेंगेत साठवलं. आता ते कुणीतरी मोकळं करणारच. वालाने नाय केलं, तर जिवाणू करतात."

मॅडमनी बोळा घट्ट बसवला आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. संध्याकाळी निकाल लागला. प्रयोग जिल्ह्यासाठी निवडला होता. शेरा एकच होता: दुसरा थर्मास आहे तसाच सादर करावा, मात्र व्हरांड्यात.

आता जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी नवे वाल पुन्हा नासायला हवे होते. सर मुद्दाम रहिमाच्या घरी गेले आणि म्हणाले, भाभी, तुम्ही मागच्यासारखेच धुऊन द्या. रहिमाने त्यांना चहा दिला, पण वाल द्यायला साफ नकार दिला. चुकून नासले ते वेगळं, जाणूनबुजून आपल्या घरात अन्न नासवणार नाही, असं तिने सांगितलं.

मग सरांनी स्वतःच वाल आणले, घरी उकडले, हाताने कालवले आणि थर्मास आपल्या कार्यालयात ठेवला. पहिले दोन दिवस पारा हलला नाही आणि सरांचं जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी वासामुळे शिपाई प्रविण दाराबाहेर स्टूल घेऊन बसला. चौथ्या दिवशी पारा एकेचाळिसावर गेला, आणि वाल नासले म्हणून दिनानाथ सरांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले.