सुबोधच्या चाकूची स्प्रिंग

चेतनाने फक्त चाकूची खोड मोडायचं ठरवलं होतं. चाकू फेकायचा नव्हता, लपवायचा नव्हता, नवऱ्याशी भांडायचंही नव्हतं. तेवढी खोड मोडायची.

खोड अशी, की पात्यावरचं बोंड अंगठ्याने जरासं ढकललं की पुढचं काम आतली स्प्रिंग स्वतःच करायची. खटॅक! पातं बाहेर. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने सुबोधला हा चाकू आणून दिला, आणि तेव्हापासून सुबोध कुरियरच्या गोडाऊनमध्ये खोकी उघडायला तर तो घ्यायचाच, पण घरी दुधाची पिशवी कापायलासुद्धा तोच. टीव्ही बघताना तर सारखं चालू, उघड-मीट, उघड-मीट. समोर सव्वा वर्षाची प्रांजल टाळ्या पिटत बसलेली.

"अहो, तिच्या हाती लागला म्हणजे?"

"लॉक आहे त्याला."

"लॉक तुम्हाला कळतं. तिला कळतं का?"

"तू ना यार, उगाच टेन्शन घेतेस."

(उगाच म्हणे! चेतना गॅस बंद केलाय ना हे बघायला एकदा नाहूर स्टेशनवरून रिक्षा वळवून घरी आली होती. गॅस बंदच होता, पण ती गोष्ट वेगळी.)

तर रविवारी दुपारी सुबोध केस कापायला गेला. रविवारचं सलून म्हणजे तासाभराची निश्चिंती. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. प्रांजल चटईवर कुरमुऱ्यांची वाटी घेऊन बसली होती आणि चाकू टीव्हीवर होता. चेतनाने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून ठेवला होता. त्यातला गोरा माणूस काय बडबडत होता ते तिला काही कळलं नाही, पण त्याचे हात कळत होते. स्क्रू काढा, वरची पट्टी उचला, आतली वाकडी तार बाहेर घ्या, पट्टी परत बसवा. झालं! मग चाकू बिचारा आपल्या हातांनी उघडावा तेव्हाच उघडणार. साध्या सुरीसारखा. शहाण्यासारखा.

सुबोधचा मोबाइल उघडायचा स्क्रूड्रायव्हरचा सेट तिने काढला. पहिला स्क्रू दोनदा घसरला, दुसरा एकदाच. पट्टी निघाली. तार दिसली, दोन ठिकाणी वाकलेली, उदबत्तीच्या काडीपेक्षाही बारीक. चिमट्याने अलगद बाहेर आली. चेतनाला स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात प्रांजलचं लाळेरं सुटलं म्हणून तिने मंगळसूत्रात अडकवलेल्या पिनांतली एक काढून ते नीट अडकवलं. मग पट्टी बसवली, स्क्रू पिळले, चाकू मिटून टीव्हीवर ठेवला. आता तेवढी तार कागदात गुंडाळून—

तार नव्हती.

चटईवर नाही. चटईखाली नाही. पदर झटकला, केस झटकले, स्क्रूड्रायव्हरचा डबा उपडा केला. मग तिने प्रांजलकडे बघितलं. प्रांजल तोंड मिटून काहीतरी चावत होती. आणि बघता बघता तिने ते गटकन गिळलं.

चेतनाने तिच्या तोंडात बोट घातलं. अर्धा कुरमुरा निघाला. बाकी काही नाही. प्रांजलने भोकाड पसरलं आणि त्याबरोबर चेतनानेही.

सासूबाई धावत आल्या. "काय झाला गो?"

आता खरं सांगावं तर चाकूचं आलं. नवऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला हे आलं. चेतनाच्या तोंडून निघून गेलं, "पिन गिळली वाटतं हिने!"

"अरे देवा! मी सांगत होतंय ना! गळ्यात हार्डवेअरचा दुकान घालून फिरतंस! केळा आण, केळा!"

सासूबाईंच्या मते पोटात काहीही गेलं तरी त्यावर केळं हाच उपाय. नाणं गिळलं तरी केळं, बटण गिळलं तरी केळं. त्यांनी रडणाऱ्या प्रांजलला एक केळं भरवलं आणि लगेच दुसरं सोलायला घेतलं. तोवर सुबोध मानेला पावडर लावून शीळ घालत आला.

"काय झालं?"

"पोरीन पिन गिळल्यान!"

सुबोधची शीळ ओठांतच राहिली. "उघडी की बंद?"

चेतनाला हे सुचलंच नव्हतं. स्प्रिंगवर पांघरूण घालायला म्हणून पिन आणली, ती स्प्रिंगपेक्षा भयंकर निघाली. "बं... बंद असेल."

"असेल म्हणजे काय? चल, रिक्षा!"

निघता निघता सुबोधने सवयीने टीव्हीवरचा चाकू खिशात टाकला. चेतनाने ते बघितलं. रडता रडताही तिच्या मनात आलं, चला, निदान त्या मेल्याचे तरी दात पाडले!

रिक्षा निघाली. प्रांजल तेवढी खिदळत होती. चेतनाला तिच्या प्रत्येक उचकीत तार टोचताना ऐकू येत होती. तिने सातेरीदेवीला नारळ बोलला. खड्डा आला तेव्हा पाच केले. पुढचा खड्डा मोठा होता, तेव्हा खरं सांगून टाकायचंही बोलली.

एक्स-रेवाल्या डॉक्टरनेही तेच विचारलं, "पिन उघडी की बंद?"

"बंद," सुबोध म्हणाला.

"उघडी असतली," सासूबाई म्हणाल्या.

चेतनाने प्रांजलचं लाळेरं सरळ केलं.

"बाळाला आईने धरायचं. अंगावरचं लोखंड, सोनं सगळं काढा."

चेतनाने मंगळसूत्र पिनांसकट उतरवून सासूबाईंच्या हातात दिलं आणि प्रांजलला छातीशी घट्ट धरलं. इतकं घट्ट, की डॉक्टरला सांगावं लागलं, "अहो बाई, तिचा फोटो काढायचाय, तुमच्या हातांचा नाही."

मग बाहेर बाकावर वाट बघणं. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या. सुबोध येरझाऱ्या घालत होता. चेतनाच्या डोळ्यांसमोर ऑपरेशनचा हिरवा पडदा हलत होता.

डॉक्टर काळी फिल्म घेऊन आले. "काही नाही. पोट एकदम साफ आहे. थोडा गॅस दिसतोय. केळी भरवलीत का?"

"दोनच," सासूबाई पुटपुटल्या.

सुबोधने सुटकेचा श्वास टाकला, फोन काढायला खिशात हात घातला आणि जोरात ओरडला, "आई गंऽऽ!"

हात बाहेर आला तो रक्ताळलेला. मागोमाग चाकू आला. पातं अर्धं उघडं, मान टाकलेल्या कोंबडीसारखं लोंबत होतं. "अरे, हा आपोआप कसा उघडला?"

चेतनाचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळे चाकूकडे बघत होते आणि तिचं रडं वाढलं होतं. पोटात नाही, तर गेली कुठे? घशात? "डॉक्टर, परत काढा फोटो! पिन नव्हतीच ती! तार होती! चाकूतली स्प्रिंग, दोन ठिकाणी वाकलेली! मीच काढली!"

सुबोधने रक्ताळलेलं बोट तोंडात धरून तिच्याकडे बघितलं. डॉक्टरने फिल्मकडे बघितलं. सासूबाईंनी हातातल्या मंगळसूत्राकडे बघितलं.

"वाकलेली, काय गो? अशी?"

पिनांच्या जुडग्यात, मोठी पिन आणि मधली पिन यांच्यामध्ये, तार अडकवलेली होती. नीट, व्यवस्थित, पडू नये अशी.

तेव्हा चेतनाला आठवलं. लाळेऱ्याची पिन काढताना हातातली तार कुठे ठेवायची? हरवली तर? प्रांजलने तोंडात घातली तर? म्हणून तिने ती अडकवली होती सगळ्यांत सुरक्षित जागी.

एक्स-रे प्रांजलचा झाला, पट्टी सुबोधच्या बोटाला बसली. रिक्षात तो एवढंच म्हणाला, "अगं, पातं आत दाबून धरायलाही तीच स्प्रिंग असते. विचारायचंस तरी." घरी जाऊन त्याने पात्याचा मधला स्क्रू असा करकचून आवळला, की आता तो चाकू उघडायला दोन्ही हात आणि एक शिवी लागते. प्रांजल सुरक्षित आहे. दुधाची पिशवी कात्रीने कापली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना चष्मा सापडेना. फ्रिजवर नाही, उशीखाली नाही. त्या शोधायच्या थांबल्या आणि चेतनाच्या गळ्याकडे बघू लागल्या. सुबोधही बघू लागला. प्रांजलनेसुद्धा बोट दाखवलं.

"काहीतरीच काय हो, आई!" चेतना फणकारली आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली.

आत जाऊन मात्र तिने हळूच एकदा चाचपून बघितलं.