यतीनने पारखलेला डॉक्टर

माणूस पारखावा तर यतीन गोखलेनेच! बँकेच्या टोकियो शाखेत लोकांची कर्जं मंजूर-नामंजूर करून त्याची नजर भलतीच तयार झाली होती. म्हणूनच पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला, "आमच्या धाकट्या सईसाठी अमेरिकेतला डॉक्टर मुलगा आहे. कॉन्फरन्सला तिकडे येतोय. जरा बघून घ्या," तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "अण्णा, निर्धास्त राहा!"

शनिवारी तो मुलगा, शशांक, यतीनच्या टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या घरी जेवायला आला. कार्डावर नावापुढे 'डी.ओ.'! यतीन तडक स्वयंपाकघरात गेला आणि बायकोच्या कानाशी कुजबुजला, "ज्योत्स्ना, एम.डी. नाहीये! ऑस्टिओपॅथ! म्हणजे हाडवैद्य!"

त्या फ्लॅटमध्ये कुजबुज बाल्कनीपर्यंत ऐकू जायची.

"अमेरिकेत आम्ही पूर्ण डॉक्टरच असतो," बाहेरून शशांक शांतपणे म्हणाला. "औषधं, ऑपरेशन, सगळं एम.डी.सारखंच. हातांनी तपासायचं शिक्षण तेवढं जास्तीचं."

"असं? मग माझी कंबर बघा!" यतीनने सोफ्यावर अंग टाकलं. उजवीकडे दोन दिवस बारीक कळ येतच होती. आयती परीक्षा!

शशांकने दाबून पाहिलं, ताप-लघवीची चौकशी केली, बरगडीखाली हलकेच ठोकलं. यतीन केकाटला!

"मणका ठीक आहे. मूतखडा असावा. सोनोग्राफी करून घ्या."

तो गेल्यावर यतीनला हसू आवरेना. "कंबर दाखवली तर खडा म्हणतो! नापास!" लगेच अण्णांना मेसेज गेला: 'मुलगा कच्चा आहे.'

सोमवारी कळ वाढली. यतीन ज्योत्स्नाला घेऊन 'खऱ्या डॉक्टर'कडे निघाला. स्टेशनजवळच्या पाटीवर त्याला 'हाड' एवढं एकच जपानी अक्षर वाचता आलं. आत पांढरा डगला, कोपऱ्यात सांगाडा, आणि जो तो डॉक्टरांना म्हणतात तसं अदबीने 'सेन्सेई, सेन्सेई' म्हणतोय!

"याला म्हणतात डॉक्टर!" यतीन खुशीत पालथा झोपला.

सेन्सेईंनी पाठीवर शेक ठेवला मात्र, आणि अशी कळ आली की यतीन कोळंबीसारखा वाकडा झाला! सेन्सेई घाबरून वाकून वाकून माफी मागू लागले.

"गोखले-सान, मी डॉक्टर नाही! मुरगळलेले सांधे बसवतो! हे माझं काम नव्हे, हॉस्पिटलला जा!"

म्हणजे डॉक्टरला हाडवैद्य ठरवून आपला पठ्ठ्या चक्क हाडवैद्याकडे आला होता!

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. "मूतखडा. छोटा आहे, औषधाने पडेल. आधी कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं ना," ज्योत्स्ना म्हणाली. "शनिवारी. सोफ्यावर."

इंजेक्शनने कळ थांबली आणि यतीनचा आवाज परत आला. शब्द फिरवायचा तर तोही रुबाबात! त्याने पुण्याला फोन लावला.

"अण्णा, मी पूर्ण विचार केला. मुलगा हिरा आहे! माझ्याकडून मंजूर!"

"अहो जावईबापू, कार्यालयसुद्धा बुक झालंय," अण्णा म्हणाले. "तुम्हाला विचारलं नसतं तर तुम्ही रुसला असतात, म्हणून विचारलं!"